पोरीच्या कागदांतला खाडा

माझ्या मुलीच्या कामात तीन वर्षांचा खाडा आहे, असं एका मोठ्या संस्थेच्या फॉर्मात लिहायचं होतं. त्यांचा शब्द वेगळा होता. 'गॅप' म्हणाली ती. मी विचारलं, गॅप म्हणजे काय, तर म्हणाली, त्या काळात काम दिसत नाही. म्हणजे खाडाच. माझी शाळा सातवीपर्यंत, पण खाडा मला कुणी शिकवायला नको. लोअर परळच्या मिलमध्ये साचेखात्यात मी उमेदीची वर्षं काढली. आम्ही हातमागाला नाही, मिलच्या मागाला साचा म्हणायचो. जो कामावर आलाच नाही त्याच्या नावापुढे मस्टरवर रेघ पडायची, तो खाडा. माणूस आला, साच्यापाशी उभा राहिला आणि सूत नाही म्हणून साचा बंद राहिला, तर त्याचा खाडा लागत नसे. एवढं आमच्या टाइमकीपरलाही कळायचं, आणि तो काही देवमाणूस नव्हता.

ती तीन वर्षं माझ्या बायकोची शेवटची तीन वर्षं होती. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. त्या तीन वर्षांपायी माझ्या हातून एक चूक झाली. झाली तेव्हा ती चूक आहे हे मला कळलं नाही, आणि कळल्यावर मी ती मागे घेतली नाही. तेच इथे सांगतोय.

मुलगी कम्प्युटरची शास्त्रज्ञ आहे. एका संस्थेत शिकवते आणि संशोधन करते, राहतेही तिकडेच. लालबागला आमच्या मजल्यावर कुणाचा प्रिंटर बंद पडला की तिला हाक मारतात. तिला प्रिंटर दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे तिच्या शिक्षणाबद्दल मजल्यावर थोडी शंका आहे.

मलाही बरीच वर्षं ती काय करते ते कळत नव्हतं. एका रविवारी मी सरळ विचारलं. तिने वहीवर आकडे मांडले, उभ्या ओळी, आडव्या ओळी.

"ह्याला मॅट्रिक्स म्हणतात, बाबा. असे लाख लाख ओळींचे पट असतात. पाऊस किती पडेल, पूल किती वजन झेलेल, सगळ्याचं गणित शेवटी असल्या पटावर येतं."

"मग कर ना. अडलंय कुठे?"

"एका मशीनचा जन्म जाईल त्यात. म्हणून पटाचे तुकडे करायचे आणि हजार मशीनना वाटून द्यायचे. सगळ्यांनी एकाच वेळी करायचं. पॅरलल."

"साचेखातं."

"साचेखातंच. पण इथे एका साच्याला दुसऱ्याचं सूत लागतं. मशीन आपलं काम संपवतं आणि शेजारच्याला विचारत बसतं, तुझं झालं का, तुझं झालं का. गणितापेक्षा विचारण्यात जास्त वेळ जातो. ते विचारणं कमी कसं करायचं, हे माझं काम."

बायको बाजूला चपात्या लाटत होती. मिल बंद पडल्यावर आमचं घर तिच्या खानावळीवर चाललं. हाताखाली चार बायका, दहा बाय बाराची खोली, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला सगळे डबे दाराबाहेर. ती कोकणातली, सावंतवाडीकडची. पन्नास वर्षं मुंबईत काढली, पण घरात मालवणीच. मान वर न करता म्हणाली, "मगे इचारूक कित्याक व्हया? परतेकीक आपापला मीठ दी."

मुलीची पेन्सिल थांबली.

खानावळीत तिचा तोच कायदा होता. चौघींचं पीठ वेगळं, मीठ वेगळं, तेलाची वाटी वेगळी. पहिल्यांदा मी कुरकुर केली होती, चार चार वाट्या कशाला, एक मोठी ठेव मध्ये. ती म्हणाली, मध्ये ठेवली की हात आडवे येतात, हातावरून बोलणं निघतं, बोलण्यावरून आणखी काही निघतं, आणि तव्यावरची करपते. दोन चिमटी मीठ जास्त गेलं तरी चालेल, पण कुणी कुणाला मागायचं नाही. मुलीने पुढे त्याच वाटेने एक पेपर लिहिला. प्रत्येक मशीनला लागेल ते आधीच देऊन ठेवायचं, थोडं काम दोनदा झालं तरी बेहत्तर, पण सारखं विचारायला जायचं नाही. ह्या वाटेने आधीही काही जण गेले होते, असं तीच सांगते. पण तिने ती तिच्या तऱ्हेच्या पटांना लावून दाखवली आणि परदेशातले लोक तिच्या नावाने ओळखू लागले. पेपर छापून आल्यावर तिने आईला सांगितलं, तुझं मीठ आहे ह्यात. बायको म्हणाली, "मगे खारट झाला नाय मां?"

आता कुंकवाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मिलमध्ये दसऱ्याला साच्यांची पूजा व्हायची. झेंडूची तोरणं, नारळ, प्रत्येक साच्याला हळदकुंकू. ज्या हत्याराने माणूस काम करतो ते त्या दिवशी पुजायचं. मिल गेली तरी बायकोने दसरा सोडला नाही. पाटावर पोळपाट, लाटणं आणि माझी सूत कापायची छोटी कैची ठेवायची. मुलीचा पहिला पेपर आला त्या वर्षी तिने तोही मागितला. मुलगी म्हणाली, "अगं, तो कम्प्युटरवर आहे. कागद कशाला हवा?"

"कम्प्युटराक कुंकू लायलंय तर तूच आरडतलंस."

तेव्हापासून रीत पडली. वर्षभरात जे काही छापून येईल ते मुलीने कागदावर काढून आईला द्यायचं. आईने दसऱ्याला पहिल्या पानावर कुंकवाचं बोट लावायचं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून पहिल्या वर्षी बोट नेमकं मुलीच्या नावावर पडलं. मग मुलीने सांगितलं, वरच्या कोपऱ्यात लाव. पूजा झाली की त्या वर्षाचे कागद सुताने बांधून पत्र्याच्या पेटीत. गाठ विणकराची. ती मी तिला लग्नानंतर शिकवली होती आणि माझ्यापेक्षा तिची चांगली बसायची.

मग तिच्या किडन्या गेल्या. परळच्या हॉस्पिटलात आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. आत एकाच माणसाला सोडत. माझ्याने तिच्या हातातली ती जाडी सुई बघवत नसे, म्हणून मी खाली बाकावर बसायचो. हे मी मान वर करून सांगत नाही, पण खोटंही लिहिणार नाही. आत मुलगी बसायची. तिने संस्थेतले तास कमी करून घेतले होते. तिकडे दर तासाला बीपी, नाडी, मशीनचा वेग असं सगळं चौकटीच्या कागदावर भरायचे. कागद भरला की त्याची प्रत घरच्यांना देत. त्याच्या कोऱ्या पाठीवर मुलगी तिचं गणित मांडत बसायची. बायको मला घरी येऊन सांगायची, "माझा बीपी एका बाजूक, तिचा गणित दुसऱ्या बाजूक. आमी दोघीव काम करताव." निघताना मुलगी ते कागद चुरगळून टोपलीत टाकायची. निदान तिची तशी समजूत होती.

त्या तीन वर्षांत तिचा एकही पेपर आला नाही. गेल्या वर्षी दसरा झाला आणि दिवाळीच्या आत बायको गेली.

ह्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या संस्थेत प्रोफेसरची जागा निघाली. मुलीने फॉर्म माझ्यासमोर भरला. आधीचं सगळं झरझर लिहिलं, कुठे शिकली, काय काय छापलं, कुणाला शिकवून डॉक्टर केलं. एका चौकटीपाशी थांबली. संशोधनात खंड पडला असल्यास कारण. तिने लिहिलं, वैयक्तिक कारण.

"कुणाच्या वैयक्तिक?" मी विचारलं.

"बाबा, असंच लिहितात."

"आई मेली असं लिही."

"ते कारण नाही होत, बाबा. म्हणजे होतं, पण त्यांना काम बघायचं असतं. काम नाही दिसत तिथे."

"तू तिथे झोपा काढत होतीस काय?"

तिने चौकट तशीच ठेवली. फॉर्म मिटला.

फॉर्मसोबत सगळ्या पेपरांच्या छापील प्रती हव्या होत्या, तीन संच. जगभर तिचे कागद कम्प्युटरवर आहेत आणि ह्यांना छापील पाहिजेत. तो आठवडा तिच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षांचा. फोन आला, "बाबा, आईच्या पेटीत कुंकू लावलेले सगळे आहेत ना, तेवढे झेरॉक्स करा. वर्षाच्या क्रमाने. पानांना नंबर टाकायला सांगा. फॉर्मवर माझी सही आहे, गुरुवारी चारच्या आत खिडकीवर द्या. जमेल?"

"मिलमध्ये दोन दोन साचे सांभाळलेत."

पेटी मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. इतके दिवस हात धजला नव्हता. गठ्ठे क्रमाने लावलेले होते, जुना खाली, नवा वर. वरचे तीन गठ्ठे पेपरांचे नव्हते. ते डायलिसिसचे कागद होते. चुरगळलेले, मग तळहाताने सपाट केलेले. टोपलीतून तिने कुणाकडून उचलून घेतले देव जाणे, वॉर्ड झाडणाऱ्या मावशीबाईंशी तिची गट्टी होती. पाठीवर मुलीचं निळ्या पेनाचं गणित. गणिताच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, कुंकवाचं बोट. दसऱ्याला आमची पाठ वळल्यावर लावलं असणार. गाठ तिचीच. शेवटच्या गठ्ठ्याची गाठ सैल होती. तेव्हा तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता.

मी जमिनीवर किती वेळ बसलो ते सांगत नाही. मग तिन्ही गठ्ठे बाकीच्यांबरोबर पिशवीत घातले. पोरीने सांगितलं होतं, कुंकू लावलेले सगळे.

हिंदमाताजवळ एक बाई झेरॉक्सचं दुकान चालवते. तिने कागद उलटेपालटे केले.

"काका, ह्याला दोन्ही बाजू आहेत. पाठपोट काढू?"

"पाठपोट काढ."

"मागे आकडे आहेत, कुणाचा तरी बीपी वाटतो."

"माझ्या बायकोचा."

"तो पण हवा?"

"कुंकू आहे ना वर?"

तिने बघितलं. "आहे. पण झेरॉक्समध्ये काळं येईल."

"येऊ दे काळं."

ती आणखी काही विचारणार होती, पण माझं तोंड बघून तिने मशीन सुरू केलं. नंबराचा शिक्का तिनेच मारून दिला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. गुरुवारी तीन वाजता मी खिडकीवर पोचलो. आतला माणूस फाइल हातात तोलून म्हणाला, "आजोबा, आम्ही किलोवर घेत नाही."

"तीन संच सांगितलेत, तीन आणलेत. शिक्का मारा."

दोन त्याने ठेवले, तिसऱ्यावर पोच दिली.

तो तिसरा संच मुलीने रविवारी माझ्या खाटेवर बसून उघडला. मी चहा ओतत होतो. पानं उलटायचा आवाज थांबला.

"बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"हे आत गेलंय? असंच? तिकडच्या दोन्ही फाइलींत?"

"तू म्हणालीस कुंकू लावलेले सगळे."

"मी पेपर म्हणाले होते!"

"कुंकू काय पेपर बघून लावतात? काम बघून लावतात."

"अहो, हे कुठे छापलेलं नाही. हे चुकलंय. ही रीत चालत नाही, मी तीन वर्षं घातली आणि ती चाललीच नाही. म्हणून टाकून देत होते. आणि मागे आईचं..." तिने पान पालथं घातलं. "तिचं वजन, तिची लघवी, सगळं त्या लोकांसमोर."

"लाज वाटते?"

"बाबा, तसं बोलू नका."

"मग कसं बोलू? मिलमध्ये नव्या डिझाइनचा नमुना साच्यावर घालायचे. आठ आठ दिवस चालवायचे. जमला नाही की कापून फेकायचे. त्या आठ दिवसांचा माझा खाडा नाही लागला कधी. मी उभा होतो तिथे. तू पण होतीस. तुझी आई आडवी होती, पण होती."

चहा निवला. तिने पिशवीतून कागद काढला आणि चार ओळी लिहिल्या. अनवधानाने जोडलेली अमुक ते अमुक पानं काढून टाकावीत, अशा अर्थाचं पत्र.

"उद्या खिडकीवर द्याल?"

"नाही."

"बाबा, ही जागा मला हवी आहे. पुन्हा कधी निघेल माहीत नाही."

"मग तू जा. माझ्या हाताने तिला फाइलीतून काढणार नाही. एकदा तिला ह्या घरातून काढलीय मी, पुरे झालं."

ती पत्र पर्समध्ये घालून गेली. जाताना चप्पल घालायला जरा जास्त वेळ लावला. नंतर पंधरा दिवस फोनवर फक्त औषध घेतलं का आणि जेवलात का.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी ती परस्पर लालबागला आली. खाटेवर बसली, पाणी प्यायली.

"पाच जण होते," ती म्हणाली. "मधल्याने फाइल उघडली. म्हणाला, मॅडम, तुमच्या कामात तीन वर्षांचा गॅप दिसतो. मग त्याच्या बाजूच्या बाई पानं चाळत होत्या, त्या म्हणाल्या, गॅप कुठे आहे, इथे डेटा आहे. पण हा कसला डेटा आहे? रकाने भरलेत, वर मथळा नाही."

"मग?"

"मी म्हटलं, तो माझ्या आईचा रक्तदाब आहे."

मी पाण्याचा तांब्या पुन्हा तिच्यापुढे केला.

"बाईंनी पान जवळ घेतलं. मग मी म्हटलं, पान उलटा. मागे माझं काम आहे. ते चुकलेलं आहे. कुठे चुकलं ते सांगू का? एक जण हसला. बाई म्हणाल्या, सांगा. मग फळ्यावर सांगितलं."

"मला सांग."

"मला असं करायचं होतं की कुणी कुणासाठी थांबायचंच नाही. एखादं मशीन मागे राहिलं तर बाकीच्यांनी त्याचा जुना आकडा घ्यायचा आणि पुढे जायचं. काही पटांना ते चालतं. माझ्या पटांना नाही चालत. दर फेरीला चूक वाढत जाते, उत्तर जवळ येण्याऐवजी लांब जातं. कितीही बदल केला तरी."

"हे मला विचारलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. जुन्या सुताच्या कांडीवर नवा साचा चालत नाही."

ती हसली. आई गेल्यानंतर तशी पहिल्यांदाच हसली. मग पर्समधून ते पत्र काढून माझ्या हातात दिलं. घडी तशीच होती.

"दिलं नाहीस?"

"दोनदा खिडकीपर्यंत गेले."

जागा तिला मिळाली नाही. दीड महिन्याने कळलं, दुसऱ्या कुणाला दिली. शेजारी माझा मिलमधला जुना सोबती राहतो. त्याला गोष्ट कळायला वेळ लागला नाही. "अरे, पोरीच्या फाइलीत बायकोची लघवी घातलीस तू," तो म्हणाला. "कोण देणार तिला खुर्ची?" मी त्याच्याशी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी बोललो, कारण कॅरम त्याच्याकडे आहे.

पण त्याचं बोलणं डोक्यात राहिलं. मुलगी आली तेव्हा मी तिला तोंडावर विचारलं, "माझ्यामुळे गेली का?"

ती माझीच मुलगी. "असेलही," म्हणाली. "दुसरा उमेदवार पण चांगला होता. मला नाही माहीत."

"पुढच्या वेळी ती पानं काढून ठेवू?"

"पुढच्या वेळी मथळा घालीन त्यांना."

काल दसरा झाला. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. खालच्या मजल्यावरची म्हातारी पाट मांडताना बघून दारात उभी राहिली. "ओ, वर्ष झाला नाय अजून. सण करतास?"

"सण नाही. हत्यारं पुजतोय."

"ताच मां ता."

"ता नाय," मी म्हणालो. ती पुटपुटत गेली.

पाटावर पोळपाट, लाटणं, माझी कैची. मुलगी तिच्या कामाची यादी घेऊन आली होती, दोन पानांची, पाठपोट छापलेली. ह्या वर्षीही पेपर नाही, एक पाठवलाय, तो अजून तिकडे तपासतायत. यादीतल्या त्या तीन वर्षांवर बोट ठेवून तिने मला मराठीत वाचून दाखवलं. सगळे पेपर नंबरवार होते, ह्या ओळीला नंबर नव्हता. 'न थांबता चालणारी रीत. ह्या पटांना लागू पडत नाही. अप्रकाशित. काम डायलिसिसच्या खोलीत.' तिने सांगितलं, ही यादी आता इंटरनेटवर तिच्या पानावर आहे, जगात कुणीही बघू शकतं.

"वैयक्तिक कारण कुठे गेलं?"

"काढलं."

मी कुंकवात बोट बुडवलं. बायकोचं बोट बारीक होतं, माझं जाड, साच्यावर घट्टे पडलेलं. वरच्या कोपऱ्यात लावायला गेलो तर अर्ध्या ओळीवर पसरलं.

"बाबा, पुसू नका," मुलगी म्हणाली. "आणखी पसरेल."

मी पुसलं नाही. कागद उलटा केला आणि मागच्या बाजूलाही लावलं. मग सुताची गाठ मारली.